सोलापुरात जुना फ्लॅट घेताय? मग ऑफर कितीची द्यायची ते असं काढा

घर बघून झालं, आवडलं, मालक म्हणाले ३८ लाख, आणि जिना उतरून गाडीला किक मारेपर्यंत घरातल्या सगळ्यांचं ठरलेलं असतं की ३५ ला मागू, ३६ ला तुटेल. आता हा ३५ आला कुठून? ३८ मधूनच. मालक ४२ म्हणाले असते तर आपण ३९ म्हटलो असतो, आणि घर तेच, भिंती त्याच. सोलापुरात सांगणाऱ्याला पक्कं माहीत असतं की समोरचा दोन-तीन लाख पाडणारच, म्हणून तो ते आधीच चढवून सांगतो, आणि मग आपण दोन लाख पाडले म्हणून खुश होऊन पेढे वाटतो.

त्यामुळे मालकाचा आकडा ऐकायचा, वहीत लिहायचा आणि बाजूला ठेवायचा. आपला आकडा आपण खालून बांधत यायचा. खाली एकच फ्लॅट धरून सगळं करून दाखवतो: विजापूर रोडच्या बाजूचा टू बीएचके, १२ वर्षं जुना, तीन मजली बिल्डिंगचा तिसरा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, लिफ्ट नाही, सांगितलेला भाव ३८ लाख. आकडे समजावण्यापुरते धरलेत, तुमच्या गल्लीचा भाव हाच आहे असं समजू नका.

आधी टेप काढा

एजंट सांगणार "साडेनऊशेचा फ्लॅट आहे साहेब, चार हजारानेच पडतोय, या एरियात मिळतंय का चार हजाराने?" हे साडेनऊशे म्हणजे सुपर बिल्ट-अप, त्यात जिना, पॅसेज, भिंती, सगळं घातलेलं असतं. आपल्याला पाहिजे कार्पेट, म्हणजे घराच्या आतली खरी वापरायची जागा. मालकाकडून त्यांच्या खरेदीखताची झेरॉक्स मागा, त्यात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, आणि ते कार्पेट आहे की बिल्ट-अप ते नीट वाचा, जुन्या दस्तांत बऱ्याचदा बिल्ट-अपच लिहिलेलं असतं. मग टेप घेऊन खोल्या मोजा, लाजू नका, ३० लाखांचा व्यवहार आहे. आपल्या फ्लॅटचं कार्पेट निघालं ६३ चौरस मीटर. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, तेव्हा झाले साधारण ६७८ फूट. आता ३८ लाख भागिले ६७८, म्हणजे दर पडतोय ५,६०० रुपये. चार हजार कुठे राहिले?

इथून पुढे जितके फ्लॅट बघाल, तुलना कराल, सगळं कार्पेटवरच करा, नाहीतर एक हिशोब एका मापाने आणि दुसरा दुसऱ्या मापाने होतो आणि डोकं फिरतं.

शेजारचा खरंच कितीला गेला?

"शेजारचा ४० ला गेला" हे वाक्य प्रत्येक मालकाकडे असतं. ते तपासायची सोय सरकारनेच करून ठेवलीय आणि तरी लोक वापरत नाहीत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या आयजीआर महाराष्ट्र वेबसाईटवर मोफत ई-सर्च आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा नंबर टाकला की त्या मिळकतीवर झालेले दस्त दिसतात आणि प्रत्येकाची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, उघडता येते. त्यात मोबदला (म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत) किती, सरकारी बाजारभाव (मुद्रांक शुल्कासाठी धरलेला) किती, क्षेत्र किती, तारीख कोणती, मुद्रांक शुल्क किती भरलं, सगळं असतं.

सोलापूरकरांची गोची एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे गाव. पत्त्यावर आपण जुळे सोलापूर किंवा विजापूर रोड लिहितो, पण १९९२ ला हद्दवाढ झाली तेव्हा आसपासची गावं महापालिकेत आली आणि दस्तात अजून मजरेवाडी, सोरेगाव, शेळगी, बाळे अशी महसुली गावांची नावंच चालतात. तालुकाही उत्तर सोलापूर की दक्षिण सोलापूर ते बघावं लागतं. हे सगळं अंदाजाने टाकत बसू नका, मालकाच्या खरेदीखतावरून गाव, गट नंबर किंवा सर्व्हे नंबर उतरवून घ्या आणि तोच टाका. गट नंबर टाकला तर त्या जागेवरच्या शेजारच्या बिल्डिंगींचे दस्तपण सापडतात. वेबसाईट अधूनमधून रुसते, रात्री किंवा भल्या सकाळी बरी चालते.

निदान तीन व्यवहार शोधा, शक्यतो गेल्या दीड वर्षातले. समजा आपल्याला हे मिळाले:

पहिला, त्याच बिल्डिंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, तेवढाच मोठा, १४ महिन्यांपूर्वी साडेतेहेतीस लाख. दर पडला ४,९४०.
दुसरा, शेजारच्या बिल्डिंगमधला, ८ वर्षं जुना, लिफ्ट आहे, ६२४ फूट, ४ महिन्यांपूर्वी ३४ लाख. दर ५,४५०.
तिसरा, त्याच गल्लीतला, १५ वर्षं जुना, पार्किंग नाही, ७१० फूट, ८ महिन्यांपूर्वी ३२ लाख. दर ४,५००.

एक सावधगिरी. दस्तातला मोबदला हा नेहमी खरा मोबदला असतोच असं नाही, काही जण थोडे पैसे दस्ताबाहेर फिरवतात. मोबदला आणि सरकारी बाजारभाव रुपयाला रुपया जुळत असेल तर माझा त्या दस्तावर कमी विश्वास. याउलट खरेदीनंतर लगेच त्याच फ्लॅटवर बँकेच्या कर्जाची नोंद दिसली तर तो आकडा जास्त भरवशाचा, कारण बँकेच्या व्हॅल्युअरने घर बघितलेलं असतं आणि कर्ज जास्त मिळावं म्हणून खरेदी करणाऱ्यालाही आकडा कमी दाखवायचा नसतो.

तिन्ही व्यवहार आपल्या फ्लॅटच्या रांगेत आणा

आता प्रत्येक व्यवहाराला विचारायचं, हा आपल्या फ्लॅटपेक्षा चांगला होता की वाईट. चांगला असेल तर त्याचा दर खाली आणायचा, वाईट असेल तर वर न्यायचा. किती टक्के, याचं पुस्तक नाही, पण अंदाज लावा आणि तो वहीत लिहून ठेवा म्हणजे नंतर स्वतःशीच खोटं बोलता येत नाही.

पहिल्याला सव्वा वर्ष झालं, ५ टक्के वाढवले, तो दुसरा मजला होता आणि आपला लिफ्टशिवाय तिसरा, म्हणून ३ टक्के कमी केले, आला साधारण ५,०३०. दुसरा नवीन आहे आणि लिफ्ट आहे, ८ टक्के काढले, आला ५,०१०. तिसऱ्याला पार्किंग नाही आणि वयही जास्त, म्हणून ७ टक्के वाढवले, वरच्या मजल्याचे ३ काढले, महिन्यांचे ३ घातले, आला ४,८००-४,८५० च्या घरात. पहिले दोन जवळचे आहेत म्हणून त्यांना जास्त वजन द्यायचं. आपण धरू ५,०००. गुणिले ६७८, म्हणजे ३३ लाख ९० हजार.

मालकाच्या ३८ पासून चार लाख खाली आलो आणि अजून एकदाही "थोडं कमी करा ना" म्हटलेलं नाही.

आता घरात परत जा, दुपारी

संध्याकाळी दाखवलेलं घर सगळ्यांना आवडतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या घरात दुपारी तीन वाजता जाऊन बेडरूमच्या स्लॅबकडे तोंड करून दहा मिनिटं उभं राहा, मग कळतं. स्लॅबला कोपऱ्यात पिवळसर डाग, पोपडे, नुकताच एकाच खोलीला दिलेला रंग, हे बघा. एका खोलीलाच रंग का दिला असेल ते विचारायची गरज नाही, गच्चीवर जाऊन बघा.

पाणी. उजनीतून पाणी येतं, पण शहरात रोज नळ येत नाही, काही दिवसांआड येतो, आणि कोणत्या भागात किती दिवसांनी आणि किती वेळ, हे गल्लीगणिक वेगळं. म्हणून मालकाला "पाणी आहे का" विचारून उपयोग नाही, ते "भरपूर आहे" म्हणणार. खाली हौदाचं झाकण उचलायला लावा. किती लिटरचा हौद, किती फ्लॅट, बोअर आहे का, बोअरला मेमध्ये पाणी असतं का. तळमजल्यावरच्या काकूंना विचारा "काकू, उन्हाळ्यात टँकर किती लागतात हो?" त्या बरोबर सांगतात, वर मागच्या उन्हाळ्यात टँकरच्या पैशावरून कोणाचं कोणाशी वाजलं तेही सांगतात. मेंटेनन्सची वही मिळाली तर मार्च ते जूनची पानं बघा. टँकरचा खर्च दरवर्षी येणार असेल तर तो घराच्या किमतीतून वजा होणारच की.

दुरुस्तीचे पैसे वजा करताना एक गोष्ट लक्षात ठेवा, १२ वर्षं जुन्या घराला रंग लागतोच, तो खर्च तुलनेतल्या इतर घरांनाही लागलाच असणार, म्हणजे तो दरात आधीच धरलाय. वजा करायचं फक्त नेहमीपेक्षा जास्त खराब आहे ते. आपल्या फ्लॅटमध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग ६० हजार (गच्ची सगळ्यांची असते पण नऊ फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये गळतं वरच्याच्या डोक्यावर, आणि वर्गणीला कोणी दार उघडत नाही), बाथरूमची पाईपलाईन ५० हजार, वायरिंग ३० हजार. एक लाख ४० झाले. ३३.९० मधून गेले, उरले साडेबत्तीस लाख. हा आपल्या हिशोबाने घराचा भाव.

कागदामुळे भाव पडतो तो वेगळा

वापर परवाना आहे का, मंजूर नकाशापेक्षा जास्त बांधकाम आहे का, मिळकतकर भरलेला आहे का, जुनं कर्ज शिल्लक आहे का. रो हाऊस किंवा स्वतंत्र घर घेत असाल तर सगळ्यात मोठा प्रश्न, जागा एनए (रीतसर बिगरशेती केलेली) आहे की गुंठेवारीची, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठा-गुंठा तुकडे पाडून विकलेली. सोलापुरात हद्दवाढ भागात गुंठेवारीच्या जागा भरपूर आहेत. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली, पण घर नियमित झालंय की फक्त "होऊन जाईल" आहे, ते कागदावर बघा. नियमित नसेल तर बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत, म्हणजे घेणारे कमी, म्हणजे भाव कमी. मालक म्हणेल हा फक्त कागदाचा प्रश्न आहे. बरं, मग तो कागद त्यांनीच करून द्यावा आणि पूर्ण भाव घ्यावा. नाही म्हटले तर घसघशीत कमी किंवा सरळ पुढचं घर. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या दस्तांची तपासणी, घ्याच, इथे पैसे वाचवू नका.

रेडी रेकनरकडे कशासाठी बघायचं

रेडी रेकनर म्हणजे बाजारातला भाव, असं धरून चालणारे खूप आहेत. तो सरकारचा दर आहे, मुद्रांक शुल्कासाठी, फ्लॅटला बिल्ट-अपवर लागतो आणि जुन्या बांधकामाला घसारा मिळतो. आयजीआरच्याच साईटवर दिसतो. २०२५-२६ साठी तो वाढवला तेव्हा सोलापूर महापालिका हद्दीत सरासरी १०.१७ टक्के वाढ झाली, राज्यात सगळ्यात जास्त. त्यामुळे काही भागात सरकारी भाव आणि खरा भाव एकमेकांच्या जवळ आलेत आणि तिथे ऑफर खूप खाली देण्यात एक खोच आहे.

समजा सरकारी मूल्यांकन ३६ लाख आणि सौदा ३२ ला ठरला. मुद्रांक शुल्क दोन्हींपैकी जास्त रकमेवर, म्हणजे ३६ वर. शिवाय सरकारी मूल्यांकन सौद्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल (३२ चे १० टक्के मिळवून ३५.२०, आणि ३६ त्याच्या वर) तर फरकाचे ४ लाख तुमचं उत्पन्न धरून त्यावर इन्कम टॅक्स लागू शकतो, आणि विकणाऱ्यालाही टॅक्सचा हिशोब ३६ वरच करावा लागतो. म्हणून ऑफर देण्याआधी मूल्यांकन काढून घ्या. ते जवळ आलं तर सीएला दाखवा, मगच आकडा बोला.

खिशाची बाजू

इथे बहुतेक जण फक्त ईएमआय बघतात. ३३ लाखांना ठरलं तर मुद्रांक शुल्क आपल्याकडे ६ टक्के म्हणजे १ लाख ९८ हजार (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत, म्हणजे ३३ हजार वाचले, तेवढ्यात वायरिंग होतं), नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार, एजंट १ टक्का धरा ३३ हजार, वकील, बँकेची प्रोसेसिंग, सोसायटी ट्रान्सफर, लाईट मीटर नावावर करणं मिळून ४० हजार धरू. तीन लाख झाले. दुरुस्तीचे १.४० घाला. ३३ चं घर साडेसदतीसच्या आसपास पडतं, आणि यातले वरचे साडेचार लाख बहुतेक रोकडा स्वतःच्या खिशातून, कारण मुद्रांक-नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही.

बँकेने ८० टक्के दिलं तर कर्ज २६ लाख ४० हजार, साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी हप्ता साधारण २२,९००. स्वतःचे ११ लाख. आणि बँकेच्या व्हॅल्युअरने घर ३१ चंच ठरवलं तर ८० टक्के ३१ चे मिळतात, आणखी १ लाख ६० हजार तुम्हाला उभे करावे लागतात. सोनं मोडून, पीएफ काढून, मेव्हण्याकडून आणून जास्तीत जास्त किती होतात ते आधी बसून लिहा. घराचा भाव (आपल्या सोयीचं मोल धरून) आणि तुमची कुवत यातला जो आकडा लहान तो तुमची शेवटची पायरी. आपण धरू ३३ लाख २५ हजार. साडेबत्तीसच्या वर पाऊण लाख का, तर मुलांची शाळा जवळ आहे, तेवढं आपल्याला मोलाचं आहे, बास.

"विमानतळ सुरू झालाय, आता भाव कुठे जातात बघा" याचे पैसे देऊ नका. विमानतळ सुरू झाला हे खरं, २०२३ ला विमानांच्या आड येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, २०२५ ला विमानं उडाली, पण त्याने जो भाव वाढला तो इंडेक्स टूमध्ये उतरलेला असेलच, आणि पुढे वाढेल तो फायदा तुमचा, मालकाला आत्ता का द्यायचा.

मालक का विकतोय

सोलापुरातली नेहमीची गोष्ट, मुलं पुण्यात किंवा हैदराबादला सेटल, आई-वडील तिकडे गेले, इथलं घर कुलूप लावून पडलंय. असे मालक आकड्यापेक्षा व्यवहार लवकर आणि बिनभानगडीचा होण्याला जास्त किंमत देतात. त्यांना कर्ज मंजुरीचं पत्र दाखवा आणि महिन्याभरात खरेदी करतो म्हणा, लाखभर तिथेच सुटतो. चार भावंडांचं सामाईक घर असेल तर उलटं, प्रत्येकाने आपल्या वाटणीचा आकडा मनात धरलेला असतो, चौघं एकदम खाली येत नाहीत, आणि सह्या चौघांच्या लागतात. मालक परदेशात असेल तर टीडीएसचा (त्यांना पैसे देताना कापून भरायच्या टॅक्सचा) हिशोब वेगळा आणि जड आहे, आधी सीए.

पितृपक्षात आणि पौषात घर घेणारे कमी फिरतात. तुम्हाला चालत असेल तर तेव्हा बोलणी करा आणि खरेदी दसऱ्याला नाहीतर पाडव्याला करा, दोघंही खुश.

ऑफर

पहिला आकडा शेवटच्या पायरीपेक्षा ७-८ टक्के खाली. आपला निघतो साडेतीस ते पावणेएकतीस. २५ म्हणू नका, मालक दुखावतो आणि पुढचं ऐकत नाही. एजंटला शेवटची पायरी कधीच सांगू नका, माणूस कितीही चांगला असला तरी, सौदा लाखभर खाली ठरला तर त्याचे फक्त हजार जातात आणि सौदाच मोडला तर तेहेतीस हजार जातात, तेव्हा तो कोणत्या बाजूला ढकलणार ते तुम्हीच बघा. आणि घर बघताना मालकासमोर "अय्या, बाल्कनी किती मस्त" हे घरच्यांना आधीच सांगून बंद करा.

बोलणं साधारण असं:

"मालक, घर आम्हाला पसंत आहे, उगाच वेळ घालवत नाही. साडेतीसला आमची तयारी आहे."

"साडेतीस? अहो शेजारचा ४० ला गेला!"

"गेला असेल की. कोणत्या महिन्यात रजिस्टर झाला तेवढं सांगा, मी काढून बघतो. तुमच्याच बिल्डिंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा साडेतेहेतीसला झालेला कागद आहे माझ्याकडे, त्याची गच्ची गळत नव्हती."

एवढं बोलून गप्प बसा. चहा प्या. शांततेला घाबरून आपणच "बरं एकतीस" म्हणतो, ते करू नका, त्यांनी एक पायरी उतरल्याशिवाय आपण चढायचं नाही. आणि चढताना प्रत्येक पायरी आधीपेक्षा लहान: साडेतीस, मग ३१.७५, मग ३२.५०, मग ३३. पायऱ्या लहान होत गेल्या की समोरच्याला न सांगता कळतं की तळ जवळ आलाय. ३३ वर अडलं तर पैशाऐवजी वस्तू मागा, इन्व्हर्टर, पंखे, एसी, वॉटर फिल्टर, गच्चीचं काम त्यांनीच करून देणं.

"थोडे वरचे कॅश द्या, मग ३२ ला करू" असं आलं तर नाही म्हणा. घर-जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तुमच्या बाजूने ती रक्कम ना कर्जात येते ना उद्या विकताना खरेदी किमतीत धरली जाते.

आकडा ठरला की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअपवर मालकाला लिहून पाठवा: किंमत, काय काय सोबत राहणार, खरेदी किती दिवसांत, आणि ऑफर कोणत्या तारखेपर्यंत. इसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, छोटा द्या, चेकने किंवा ऑनलाईन, आणि इसारपावतीत दोन ओळी असल्याच पाहिजेत: सर्च रिपोर्टमध्ये दोष निघाला किंवा कर्ज नामंजूर झालं तर इसार इतक्या दिवसांत परत. मालक या दोन ओळींना तयार नसेल तर इसार देऊ नका, ३३ ला काय, ३१ ला तयार झाला तरी.